आईच्या घोट्यातला स्क्रू ढिला झालाय, म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (समीर_७८):
आई 66 वर्षांची, बाथरूममध्ये घसरून घोटा मोडला, बाहेरच्या बाजूने प्लेट आणि स्क्रू टाकलेत. 4 महिने झाले, महिनाभर घरातल्या घरात चालतेय. परवाच्या एक्स-रेत सगळ्यात लांब स्क्रूच्या भोवती काळी रेघ दिसली, डॉक्टर म्हणाले ढिला झालाय पण काळजी नको. मागे पेशंटची रांग, त्यामुळे जास्त विचारता आलं नाही. पिळून घट्ट बसवलेला स्क्रू हाडात आपोआप ढिला होतोच कसा? आई आता पाय टेकवायलाच घाबरते.

लेथवाला:
डॉक्टर नाही, फिटर आहे, पण माझ्या नडगीत प्लेट होती, ती काढल्यावर एक स्क्रू मागून घेतला. व्हर्नियर लावला तर बाहेरून 4.5 मिमी, आट्यांच्या बुडाशी 3 च्या आसपास, आणि दोन आट्यांमध्ये पावणेदोन मिमी. म्हणजे सगळी पकड त्या पाऊण मिमीच्या आट्यात जे हाड अडकतं त्याचीच, ते हाड चुरलं किंवा विरघळलं की आटे गेले समजायचं.

ऑर्थो_रेसिडेंट:
वरचं बरोबर आहे, फक्त लोखंडात आटे एकदा पाडले की तसेच राहतात आणि हाड जिवंत असतं, ते स्क्रूच्या भोवती सतत झिजतं आणि नवीन बनतं. स्क्रू स्थिर असेल तर हाड त्याला चिकटून वाढतं, पण रोज थोडा थोडा हलत राहिला तर हाडाऐवजी मऊ पडदा तयार होतो, एक्स-रेत काळी रेघ दिसते ती तीच. ड्रिलची उष्णतासुद्धा नडते, 47 अंशाला मिनिटभर राहिलं तरी हाडाच्या पेशी मरतात, म्हणून ड्रिल करताना सलाइन सोडत राहतात. खरी पकड बाहेरच्या टणक कवचात असते, आणि हाडं ठिसूळ झाली की ते कवचच पातळ होतं.
आता तुमचा लांब स्क्रू. तो बहुतेक सिंडेस्मोटिक स्क्रू असावा, बाहेरच्या बारीक हाडातून नडगीत जातो. ही दोन हाडं चालताना एकमेकांपासून किंचित हलतात, ते निसर्गानेच ठेवलंय, त्यामुळे वजन टाकायला लागलं की हा स्क्रू ढिला होणं किंवा तुटणंसुद्धा नेहमीचं आहे, तोपर्यंत या दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट भरून आलेलं असलं म्हणजे झालं. पण बाकीच्या स्क्रूंभोवती रेघ आली, बसल्याजागी ठणकायला लागलं, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर थांबू नका, जंतुसंसर्गानेही स्क्रू ढिले होतात. आणि डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) झाली नसेल तर विचारा, या वयात नुसतं घसरून घोटा मोडला तर हाडं तपासायलाच हवीत.

समीर_७८:
खूप आभार दोघांचे. आज फोन करून विचारलं, तोच स्क्रू आहे, बाकीचे घट्ट आहेत आणि हाड जुळलंय म्हणाले. ठणका नाही, जखमही कोरडी आहे. डेक्सा कधीच केलेली नाही, या आठवड्यात घेऊन जातो तिला.