दुधाच्या भेसळीवरून मामांशी वाद : मदत हवी आहे

नमस्कार. आमच्याकडे दर रविवारी दुधावरून वाद सुरू होतो आणि चहा निवेपर्यंत तो राजकारणावर येऊन ठेपतो. ‘भेसळीमुळे २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कर्करोग होईल, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला होता,’ असे मामा ठामपणे सांगतात; असा इशारा दिलेलाच नव्हता, हा अधिकृत खुलासा दाखवला की मी सरकारचा वकील ठरतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने अवघे १२ होते. त्याच पाहणीत ३६८ नमुन्यांत मात्र अफलाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त सापडले, जे बुरशी लागलेल्या पेंडीतून व चाऱ्यातून दुधात उतरते; पण गोठ्यातल्या ओल्या पोत्यावर कोणत्याच पक्षाचे चिन्ह नसल्याने त्यावर बोलायला कुणी तयार नसते.

परवा मी वाटीभर दुधात आयोडिनचे दोन थेंब टाकून दाखवले. निळा रंग आला नाही, तेव्हा मामा म्हणाले, “पीठ नाही, कबूल. युरियाचे काय?” आक्षेप रास्त आहे, कारण ती चाचणी फक्त स्टार्च ओळखते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो. महाराष्ट्रात हे कुणी प्रत्यक्ष केले आहे का? नमुना किती घ्यावा, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो नासू नये म्हणून काय करावे आणि अहवाल किती दिवसांत मिळाला, हे कृपया कळवावे.