गुरुवारची बिल्ड जाते कुठे? (पोलिंग काढून वेबहूक लावल्यापासून)

जिन्याखालचा_सर्व्हर:
नऊ जणांची टीम, ऑफिस एरंडवण्यात, जुन्या बंगल्याचा पहिला मजला. दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. चौदा रेपो (कोडचे साठे) गिटहबवर, पण त्यांची बिल्ड करणारा, म्हणजे कोडमधून चालतं सॉफ्टवेअर बनवणारा जेन्किन्स ऑफिसातच, जिन्याखालच्या कपाटात. तो दर ५ मिनिटांनी प्रत्येक रेपोला "काही नवीन?" विचारायचा, हेच ते पोलिंग. म्हणजे दिवसाला चार हजारांवर चौकश्या आणि त्यातून बिल्ड जेमतेम तीस. पुशचे (कुणी गिटहबवर कोड ढकलल्याचे) मेल जायला एक क्रॉन स्क्रिप्ट (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) होती. ती लिहिणारा सोडून गेला, तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही.

गेल्या महिन्यात सगळं वेबहूकवर नेलं, म्हणजे पुश झाला की गिटहबच निरोप पाठवतं. पायथनमध्ये छोटा रिसीव्हर लिहिला: निरोप गिटहबचाच ना, हे बघायला सही तपासतो, चॅट ग्रुपवर निरोप टाकतो, जेन्किन्सला उठवतो. तोही त्याच कपाटात, बाहेरून तिथे पोचायला टनेल. पुश करून खुर्चीत मागे टेकेपर्यंत बिल्ड सुरू! चार दिवस मी हवेत होतो.

मग गुरुवार आला. आमच्या भागात त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट जाते, म्हणून सगळे घरून काम करतो. अकराच्या सुमारास हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) ढकलला. संध्याकाळी लाइट आली, पण बिल्ड झालीच नाही. सोमवारी टेस्टिंगवालीने जुन्याच बिल्डवर तपासून "बग तसाच" म्हणून तिकीट परत उघडलं. मीटिंगमध्ये शोभा झाली ती माझी. पुन्हा पाठवायला म्हणून गिटहबवर गेलो तर ती डिलिव्हरी (पाठवलेला तो निरोप) यादीतच नाही!

शिवाय सही कधी जुळते, कधी नाही. सिक्रेट (सहीची गुप्त किल्ली) तेच, कोड तोच. सर म्हणतात, "पोलिंग बरं होतं की." काय सांगू त्यांना?

पेठेतला_डेव्हऑप्स:
गुरुवारी लाइट जाते हे पुण्यात राहून आत्ता कळलं का? असो.

सरांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पोलिंग विसराळू असलं तरी चिकाटीचं. लाइट आल्यावर जेन्किन्स स्वतःच विचारायचा आणि राहिलेलं उचलायचा. वेबहूक एकदा कडी वाजवतं आणि निघून जातं. डिलिव्हरी फसली तर गिटहब आपणहून परत पाठवत नाही. हाताने पाठवता येते, पण फक्त गेल्या ३ दिवसांतली. गुरुवारची सोमवारी शोधलीत, तिथेच संपलं.

रिसीव्हर कपाटातून काढा. बाहेर सगळ्यात स्वस्त सर्व्हर घ्या. त्याने फक्त सही तपासायची, निरोप रांगेत टाकायचा आणि लगेच २०२ ("मिळालं, बघतो") म्हणायचं. १० सेकंदांत उत्तर गेलं नाही तर गिटहब ती डिलिव्हरी फसली असंच धरतं, तेव्हा बिल्ड संपायची वाट तिथे बघू नका. कपाटातली मशीन रांगेतून स्वतः उचलेल. टनेलचीही कटकट गेली. डिलिव्हरीचा आयडी तेवढा नोंदवून ठेवा. हाताने परत पाठवली तरी तो तोच राहतो, त्यामुळे एकच बिल्ड दोनदा होणार नाही.

पोलिंग पूर्ण काढू नका. रात्री एकदा राहू द्या, सरांचाही मान राहील.

सही_रे_सही_नाही:
सहीबद्दल एकच प्रश्न. जी डिलिव्हरी नाकारली जाते, तिच्यातल्या कमिट मेसेजमध्ये (कोडमध्ये काय बदललं त्या ओळीत) मराठी असतं का?

जिन्याखालचा_सर्व्हर:
अहो!! आत्ता लॉग काढून बसलो. नाकारलेल्या सगळ्या एकाच्याच. आमचा एक पठ्ठ्या कमिट मराठीत लिहितो: "पावतीवरचे पैसे राउंड होत नव्हते, आता होतात". बाकीच्यांचं "फिक्स", "फिक्स २", "फायनल फिक्स", सगळं इंग्रजी लिपीत. त्यांचं कधीच अडलं नाही. पण का?

सही_रे_सही_नाही:
बॉडी (निरोपाचा मजकूर) वाचताना कुठेतरी लॅटिन-१ म्हणून डीकोड करताय आणि सही काढताना यूटीएफ-८; अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या या दोन वेगळ्या पद्धती. इंग्रजी अक्षरांचे बाइट दोन्हीकडे सारखेच, म्हणून निभावतं. देवनागरीच्या एका अक्षराचे ३ बाइट, ते दुप्पट होऊन बसतात, मग एचमॅक (म्हणजे ती सहीच) कसा जुळणार? आलेले कच्चे बाइट तसेच द्या, स्ट्रिंग करूच नका. जेसन (त्या मजकुराची मांडणी) नंतर उघडा. आणि तुलना साध्या बरोबरच्या चिन्हाने करत असाल तर तेही बदला, पायथनमधलं सुरक्षित तुलनेचं कंपेअर-डायजेस्ट वापरा.

त्या पठ्ठ्याला चहा पाजा. त्याच्यामुळे सापडलं.

जिन्याखालचा_सर्व्हर:
सापडलं. ती डीकोडची ओळ जुन्या प्रोजेक्टातून उचललेली, उचलणारा मीच. पठ्ठ्याला मी परवाच "इंग्रजीत लिही रे" म्हटलं होतं, ते परत घेतलं.

आता आणखी एक. रिलीजच्या दिवशी पाच मॉड्यूलचे पाच टॅग (आवृत्तीच्या खुणा) एकदम ढकलतो. त्याचा हूक नाही, चूकही नाही, काहीच नाही.

पेठेतला_डेव्हऑप्स:
एका वेळी तीनपेक्षा जास्त टॅग ढकलले तर गिटहब टॅगचा इव्हेंट काढतच नाही. कागदपत्रांत लिहिलेलं आहे, पण ते वाचतो कोण. एकेक करून ढकला.

जिन्याखालचा_सर्व्हर:
कालच्या गुरुवारचा रिपोर्ट: लाइट साडेचारला आली. रांगेत सात निरोप बसून होते, एकेक करत सातही बिल्ड झाल्या. सर खूश. फक्त प्रत्येक पुशची सूचना सगळ्यांना दोनदा येते आहे, आयडी तपासूनसुद्धा. एकदा चॅटवर, एकदा मेलवर.

सही_रे_सही_नाही:
ती जुनी क्रॉन बंद केलीत ना?

जिन्याखालचा_सर्व्हर:
…आलोच.