गॅरेजच्या कोब्यावर टिकाऊ लेप कोणता करावा?

प्रश्न (चिपळूण)
नमस्कार. आमच्या घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये सिमेंट काँक्रीटचा जुना कोबा आहे. कोबा भक्कम आहे. परंतु त्याचा वरचा थर भुकटी होऊन सुटतो, ऑइलचे डाग निघत नाहीत आणि पावसाळ्यात जमीन गडद, ओलसर दिसते. रंगाच्या दुकानात इपॉक्सी (जमिनीवर चढवायचा कठीण, प्लास्टिकसारखा लेप) सुचवण्यात आले. मात्र एका परिचितांकडे नेमका चाकांखालचाच पापुद्रा निघालेला पाहिल्यामुळे मी साशंक आहे. दाराजवळच्या पट्ट्यावर दुपारचे ऊन येते, हेही नमूद करतो. कोणता पर्याय निवडावा?

पहिला प्रतिसाद (स्थापत्य अभियंता, पुणे)
आपल्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पावसाळ्यातला ओलावा, म्हणून लेपाचा विचार त्यानंतर करावा. साधारण दीड फूट लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि किमान १६ तासांनी तो उचलून पाहावा. आतल्या बाजूस थेंब जमले असतील किंवा खालचे काँक्रीट काळपट झाले असेल, तर ओल जमिनीतून वर येत आहे असे समजावे. ही चाचणी एप्रिलमध्ये करून कोकणात काहीच कळणार नाही. ती भर पावसाळ्यात करावी.

जुन्या कोब्याखाली बहुधा ओलरोधक प्लास्टिक घातलेले नसते. इपॉक्सीचा थर वाफ जवळजवळ अडवून धरतो, त्यामुळे खालून येणारी ओल त्याच्या तळाशी साचते, फुगे येतात आणि पकड सुटते. अशा जागी इपॉक्सी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी लिथियम सिलिकेटचे डेन्सिफायर वापरावे. ते काँक्रीटमध्ये झिरपून तिथल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावते, पृष्ठभाग कठीण करते आणि भुकटी थांबवते. शिवाय त्याचा पापुद्रा तयार होत नसल्यामुळे सोलून निघण्याचा प्रश्नच उरत नाही. तेलाचे डाग मात्र त्याने पूर्णपणे टळत नाहीत.

दुसरा प्रतिसाद (फ्लोअरिंग कंत्राटदार, नाशिक)
चाचणीत जमीन कोरडी निघाली, तर इपॉक्सी उत्तम चालते, फक्त पूर्वतयारीत काटकसर नको. चाकांखालचा पापुद्रा निघण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असते: प्रवासाहून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात, त्या उष्णतेने लेप मऊ पडतो, टायर थंड होताना त्याला घट्ट धरतो आणि खालची पकड कच्ची असेल तर तो उचलून नेतो. म्हणून डायमंड ग्राइंडरने वरचा कमकुवत थर घासून काढावा. अ‍ॅसिडने धुऊन काम भागवणाऱ्यांना मी तरी काम देणार नाही. तेल मुरलेल्या जागी अ‍ॅसिड पोहोचतच नाही.

एका डब्यातला तयार ‘इपॉक्सी पेंट’ घेऊ नये. रेझिन (मूळ राळ) आणि हार्डनर (ती घट्ट करणारा घटक) वेगवेगळे येणारे साहित्य घ्यावे व ते थोडे थोडेच कालवावे, कारण भांड्यात ढीग राहिला की मिश्रण तापून घट्ट होते. आधी प्रायमर, त्यावर इपॉक्सी आणि सर्वांत वर अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचा (उन्हात पिवळा न पडणाऱ्या लेपाचा) हात द्यावा. उघडे इपॉक्सी उन्हात पिवळे पडते आणि आपल्याकडे दाराशी ऊन आहेच. शेवटच्या हातात बारीक सिलिका वाळू मिसळली, तर ओल्या चपलेने पाय घसरत नाही. गाडी साधारण आठवडाभर बाहेर ठेवावी.

तिसरा प्रतिसाद (कोल्हापूर)
लेपाचाच आग्रह नसेल, तर जाड पार्किंग टाइल्सचाही विचार व्हावा. एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. मात्र खाली मसाला पूर्ण भरलेला हवा. पोकळ राहिलेली टाइल चाकाखाली तडकते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. टाइल्सने जमिनीची पातळी वाढेल आणि शटर अडेल, त्यामुळे तो पर्याय बाजूला ठेवतो. येत्या पावसाळ्यात चाचणी घेतो. ओल निघाल्यास डेन्सिफायरच करीन. पण त्याआधी जुने डाग काढणे आवश्यक आहे का?

पहिला प्रतिसाददाता
होय. तेल मुरलेल्या भागात डेन्सिफायर झिरपत नाही. डिग्रीझर (तेल सोडवणारे द्रावण) घासून, धुऊन पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. थेंब पसरून शोषले जाईपर्यंत सफाई पुन्हा करावी.