ग्राफीन-इपॉक्सी संमिश्रातील रामन शिखर ताणामुळे सरकते की तापल्यामुळे?

प्रश्न (पीएच.डी., दुसरे वर्ष)
नमस्कार. इपॉक्सी रेझिनमध्ये वजनाने ०.५ टक्के ग्राफीन नॅनोप्लेटलेट (एका अणूइतक्या जाडीच्या कार्बन-पदरांच्या सूक्ष्म चकत्या) मिसळलेल्या पट्ट्यांवर मी काम करतो. पट्टी वाकवून पृष्ठभागावर ०.४ टक्क्यांपर्यंत विकृती (मूळ लांबीच्या तुलनेत ताणले जाणे) आणतो आणि ग्राफीनपर्यंत किती भार पोहोचला हे रामन वर्णपटावरून (पदार्थाने विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या आलेखावरून) पाहतो; ग्राफीन ताणले गेले की त्याची शिखरे खाली सरकतात. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरखाली इपॉक्सीचे फ्लुओरेसन्स (लेसरमुळे तिने स्वतः दिलेली चमक) इतके वाढते की शिखरे त्यात बुडून जातात, म्हणून मी ७८५ नॅनोमीटरकडे वळलो. आता १५८० प्रतिसेंमीजवळचे (प्रतिसेंमी हे शिखराचे स्थान मोजण्याचे एकक) ग्राफीनचे जी शिखर स्वच्छ दिसते आणि भाराखाली जेमतेम १ प्रतिसेंमीने खाली येते, ग्राफीनचे दुसरे, टू-डी शिखर मात्र जवळजवळ दिसतच नाही. यावरून ग्राफीन आणि इपॉक्सी यांच्यातील बंध कमकुवत आहे, असे म्हणता येईल का?

उत्तर १
टू-डी शिखर आहे, आपल्या शोधकाला ते दिसत नाही इतकेच. ७८५ च्या लेसरने ते सुमारे २६०० प्रतिसेंमीवर येते, म्हणजे विखुरलेला प्रकाश ९८६ नॅनोमीटरच्या आसपास पोहोचतो आणि तिथे सिलिकॉन सीसीडीची (यंत्रातील प्रकाश टिपणाऱ्या शोधकाची) संवेदनक्षमता झपाट्याने घसरलेली असते. ६३३ चा लाल लेसर मिळत असेल तर तो वापरून पाहावा. त्यात हेच शिखर ७६० नॅनोमीटरजवळ येते. फ्लुओरेसन्स पूर्ण जाणार नाही, परंतु त्याच बिंदूवर लेसर काही मिनिटे स्थिर ठेवल्यास ते बरेच विझते.

उत्तर २
स्थिर ठेवताना शक्ती जपून वापरावी. ग्राफीन प्रकाश शोषते आणि इपॉक्सी उष्णता सहजासहजी वाहून नेत नाही. एकपदरी ग्राफीनचे जी शिखर दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१६ प्रतिसेंमीने खाली सरकते. त्या हिशेबाने साठ अंशांची वाढ आपल्या १ प्रतिसेंमीएवढी भरते. भार देताना बिंदू किंवा फोकस थोडा जरी बदलला, तरी तापणे बदलते. म्हणून पट्टीवर भार नसताना लेसरची शक्ती निम्मी करून पाहावे. शिखर वर सरकले, तर आपण विकृतीबरोबर तापमानही मोजत होता. यंत्राचे मोजमाप सरकलेले नाही ना, यासाठी दर खेपेस सिलिकॉनचे ५२०.७ प्रतिसेंमीचे शिखर तपासणे ओघाने आलेच (हे सांगावे लागू नये, पण घाईत तेच राहून जाते).

उत्तर ३
या दोन्ही शंका फिटल्या, तरी बंधाला लगेच दोष देऊ नये. एकपदरी ग्राफीनचे टू-डी शिखर एक टक्का विकृतीला साधारण ६० प्रतिसेंमी सरकते, परंतु प्लेटलेटमध्ये अनेक पदर असतात. इपॉक्सीला बिलगलेले बाहेरचे पदर ताणले जातात, आतले एकमेकांवरून घसरतात, आणि आपल्याला दिसते ती सर्वांची सरासरी. त्यात प्लेटलेट पट्टीत वाटेल त्या दिशेने पसरलेली असतात.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. उत्तर २ वाचून शक्ती १० मिलीवॉटवरून ५ वर आणली, तर भार नसतानाच जी शिखर ०.७ प्रतिसेंमीने वर गेले. मार्गदर्शकांसाठी केलेल्या टिपणातून बंधाविषयीचा परिच्छेद तूर्त काढला आहे. ६३३ च्या यंत्रासाठी शेजारच्या विभागाकडे अर्ज केला आहे.