दुखत नसताना तपासणी कशासाठी?

‘दात दुखत नाही, मग दवाखान्याची पायरी कशाला चढायची?’ हा नियमित दंततपासणीच्या चर्चेत विचारला जाणारा प्रश्न रास्त वाटतो, परंतु दाताच्या बाहेरच्या कठीण कवचात संवेदना नसल्यामुळे कीड आतील थरापर्यंत पोहोचेपर्यंत बहुधा दुखतच नाही, आणि दुखू लागते तेव्हा साध्या भरणीवर भागण्याची वेळ अनेकदा निघून गेलेली असते.

आपल्या निपाणी-चिकोडी भागापुरता एक मुद्दा या चर्चेत आलेला नाही, तो मशेरीचा. माझ्या मावशीने चाळीस वर्षे, दात स्वच्छ राहतात या समजुतीने (मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे तिला कोण सांगणार?), रोज सकाळी मशेरी लावली. गेल्या वर्षी कवळीचे माप देण्यासाठी बेळगावला नेले असता डॉक्टरांनी खालच्या ओठाच्या आत, ती मशेरी धरत असे नेमक्या त्याच जागी, पांढरा चट्टा दाखवला. तिला त्याचा काहीही त्रास नव्हता. असे चट्टे पुढे कर्करोगात बदलू शकतात म्हणून तुकडा काढून तपासला. सुदैवाने तसे काही निघाले नाही. मशेरी मात्र त्या दिवसापासून सुटली, आणि आता दर सहा महिन्यांनी तीच मला तारखेची आठवण करून देते.