शुश्रूषा केंद्राचा मासिक खर्च शासकीय योजनेतून किंवा प्रतिपूर्तीतून मिळतो का?

प्रश्न : सिडकोतील शिक्षिका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझी आई 74 वर्षांची असून पूर्णपणे माझ्यावर अवलंबून आहे. दीड महिन्यापूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला आणि मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात ती 11 दिवस दाखल होती. तिची उजवी बाजू अजून हलत नाही, अन्न नाकातल्या नळीने द्यावे लागते आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. मी सकाळी साडेसहाला शाळेसाठी घर सोडते, त्यामुळे नाइलाजाने तिला गंगापूर रोड परिसरातील एका शुश्रूषा केंद्रात ठेवले आहे. महिन्याला 32,000 रुपये द्यावे लागतात आणि पावतीवर ‘निवास व शुश्रूषा शुल्क’ एवढी एकच ओळ असते. कार्यालयात एकाने ‘नर्सिंग होमचे बिल चालते’ असे सांगितले, तर दुसऱ्याने ‘अजिबात चालत नाही’ असे. प्रतिपूर्ती (कर्मचाऱ्याने केलेल्या वैद्यकीय खर्चाची शासनाकडून भरपाई), आयुष्मान कार्ड किंवा आईची आरोग्य विमा पॉलिसी यांपैकी कशातून हा खर्च मिळू शकेल का?

उत्तर 1 : निवृत्त लेखा कर्मचारी, नाशिकरोड

ताई, गोंधळ ‘नर्सिंग होम’ या शब्दामुळे झालेला आहे. आपल्याकडे 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली ज्यांची नोंदणी होते, ती मुख्यतः लहान-मोठी खासगी रुग्णालये असतात आणि शहरात ही नोंदणी महानगरपालिकेचा वैद्यकीय विभाग करतो. दोघांपैकी पहिल्याच्या मनात असेच रुग्णालय असावे. आपली आई जिथे आहे तिथे मुख्यत्वे सांभाळ होतो, आणि प्रतिपूर्तीचे नियम उपचारासाठी आहेत, सांभाळासाठी नाहीत.

खासगी रुग्णालयातील उपचारांसाठी 19 मार्च 2005 च्या शासन निर्णयात 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजारांची यादी दिलेली आहे. त्यामुळे 11 दिवसांच्या देयकाचा प्रस्ताव आधी करावा. डिस्चार्ज कार्डावरील निदान त्या यादीतील कोणत्या नोंदीखाली बसते हे पाहावे, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचे अत्यावश्यकता प्रमाणपत्र, औषधांची मूळ देयके आणि आई आपल्यावर अवलंबून असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे आणि प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत पाठवावा. पुढे जिल्हा शल्य चिकित्सकांकडे छाननी होते. आपण विवाहित असाल तर आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी प्रतिपूर्तीसाठी कोणाची निवड आपण कार्यालयात नोंदवली आहे, हे प्रस्तावापूर्वीच तपासावे. माझ्या नोकरीच्या काळात केवळ या एका कागदासाठी परत गेलेले प्रस्ताव मी पाहिले आहेत आणि त्यात कर्मचाऱ्यांचे महिनेच्या महिने गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

मासिक 32,000 रुपयांची पावती मात्र याच प्रस्तावाला जोडू नका. तिच्यामुळे चांगल्या देयकावरही शंका काढली जाते.

उत्तर 2 : विमा दाव्यांचे काम करणारा, इंदिरानगर

पॉलिसीच्या कागदात वगळलेल्या बाबींचे पान काढून पाहा. ‘विश्रांती, पुनर्वसन व सांभाळ’ या अर्थाचे एक प्रमाणित कलम तेथे मिळेल. आंघोळ घालणे, कपडे बदलणे, हालचालीस मदत करणे यांसारखी वैयक्तिक देखभाल प्रशिक्षित परिचारिकेने केली तरी, आणि ती घरी असो वा शुश्रूषा केंद्रात, त्या कलमानुसार तिचा खर्च देय नसतो. 11 दिवसांच्या दाखल-काळाचा दावा केलेला नसेल तर तो मात्र मुदत पाहून लगेच करावा. तेच मूळ देयक दोन्हीकडे देता येत नाही, म्हणून विमा कंपनीने मंजूर केलेली रक्कम प्रतिपूर्तीच्या प्रस्तावात स्पष्ट दाखवावी.

डिस्चार्जनंतरची औषधे आणि तपासण्या यांसाठी बहुतेक पॉलिसींत ठरावीक दिवसांची मुदत असते. केंद्राकडून फिजिओथेरपी, औषधे आणि डॉक्टरांची भेट यांची स्वतंत्र देयके मागून घ्या, कारण एका ओळीच्या पावतीतून काहीच वेगळे काढता येत नाही.

उत्तर 3 : सातपूरहून एक मुलगा

माझे वडील सव्वा वर्ष याच अवस्थेत होते, म्हणून आपली धावपळ मी समजू शकतो. 70 वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान योजनेत घेण्याची सुरुवात 29 ऑक्टोबर 2024 रोजी झाली असून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आईचे कार्ड काढलेले नसेल तर आधार दाखवून आजच काढा. मात्र ते संलग्न, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडते, डिस्चार्जनंतरचा खर्च त्यात 15 दिवसांपर्यंतच धरला जातो आणि आपण खिशातून आधीच भरलेले पैसे त्यातून परत मिळत नाहीत. वडिलांना छातीत संसर्ग झाला तेव्हा आम्ही घाईत जवळचे रुग्णालय गाठले आणि ते योजनेत नसल्याचे पैसे भरल्यावर कळले. तेव्हापासून संलग्न रुग्णालयांची नावे लिहिलेला कागद मी त्यांच्या उशाशी ठेवत असे. दाखल करताना तेथील आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या मदतनिसाला) सर्वांत आधी भेटावे.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे, परंतु नळीने जेवणाऱ्या रुग्णाला सांभाळणाऱ्या मुलीला त्यातून काय मिळणार? शासनाने या खर्चासाठी स्वतंत्र मदत द्यायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. माझ्या निवडीची नोंद सेवापुस्तकात सासू-सासऱ्यांच्या नावे आहे, हे आज दुपारी पाहिले. ती आता बदलता येते का, आणि बदलली तरी आधीच्या 11 दिवसांना लागू होईल का?

उत्तर 1 चे लेखक

ताई, बदलाचा अर्ज उद्याच द्या आणि पोच घ्या. मात्र आजारपणानंतर केलेला बदल मागील तारखेपासून धरला जाईल असे गृहीत धरू नका. त्या 11 दिवसांसाठी आधी विम्याचा दावा दाखल करा.