गोल्फ कोर्सला एवढी मोठी क्लबहाउसं खरंच लागतात का?

पायीराउंड:

नवा गोल्फ कोर्स होणार म्हटलं की माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर क्लबहाउस झळकतं. उंच पोर्च, काचेच्या भिंती, मेजवानीचा हॉल, स्पा. ग्रीनखाली, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताखाली, कसली वाळू पडणार, पावसाचं पाणी कुठून निघणार, गवत राखायला माणसं किती असणार, याचा त्यात उल्लेखही नसतो. मला हे सगळं उलटं वाटतं. कोर्सला छप्पर लागतं, यात वाद नाही. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, पैसे भरायला खिडकी, चार टेबलं, चहा आणि काहीतरी गरम खायला. त्यापलीकडे जे उभं राहतं ते खेळासाठी नसतं, भार मात्र खेळणाऱ्यावर पडतो.

स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज घ्या. तिथल्या किनाऱ्यालगतच्या जमिनीवर गोल्फ खेळायचा लोकांचा हक्क १५५२ च्या सनदेत नोंदलेला आहे. पहिल्या टीमागे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेमागे, जी दगडी इमारत फोटोत दिसते ती १८५४ सालची. मधली तीनशे वर्षं लोक तिच्याविना खेळतच होते. आजही तिथला ओल्ड कोर्स त्या इमारतीतल्या क्लबच्या मालकीचा नाही. तो सार्वजनिक आहे आणि ट्रस्ट तो चालवतो.

अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलचं क्लबहाउस म्हणजे मुळात निळीच्या मळ्याच्या मालकाचं घर, तेही १८५४ चंच. तीसच्या दशकात क्लब सुरू झाला तेव्हा नवं क्लबहाउस बांधायचा बेत होता, पण मंदीमुळे पैसेच उभे राहिले नाहीत आणि जुनं घर वाचलं. मैदानाचं त्यात काही बिघडलं का? नेब्रास्कातला सँड हिल्स १९९५ मध्ये सुरू झाला, बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी आखलेला. क्लबहाउस कोर्सपासून लांब आहे आणि पहिल्या टीजवळ फक्त एक साधी लाकडी झोपडी, पुढे पडवी. जगातल्या उत्तम कोर्सच्या कुठल्याही यादीत तो वरच असतो.

मग आपण नक्की कशासाठी बांधतोय?

हिशेबवही:

असहमत, आणि सपशेल असहमत. क्लबचे हिशेब बघण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून त्या बाजूने लिहिते.

ग्रीन फी (प्रत्येक खेळीचं शुल्क) आणि वर्गणी यांवर कोर्स चालतो ही समजूत बाहेरून बघणाऱ्यांची. पाऊस लागला, थंडी कडक पडली, की राउंड बंद. पण पंप चालू, यंत्रं उभी, पगार सुरू. त्या दिवसांत पैसा कोण आणतं? हॉल. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांच्या बैठका. ज्यांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नाही अशी माणसं हॉलचं भाडं देतात आणि त्यातून तुमच्या फेअरवेचं, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या गवताचं, खत येतं. इमारत काढून टाकलीत तर वर्गणी वाढेल. ती वाढली की आधी तरुण सोडून जातील, मग निवृत्त.

इतिहासाचं म्हणाल तर तोही अर्धाच सांगितलात. स्कॉटलंडमधल्या लीथच्या गोल्फरांनी १७४४ मध्ये खेळाचे तेरा नियम लिहिले, तेव्हा ते खानावळीत जमत. १७६८ मध्ये त्यांनी स्वतःचं गोल्फ हाउस बांधलं. चोवीस वर्षांत! खेळ झाल्यावर एकत्र बसणं हा या खेळाचा पहिल्यापासूनचा भाग आहे. आधी बाहेर बसायचे, मग स्वतःच्या घरात बसायला लागले, एवढाच फरक.

आणि सँड हिल्सचं उदाहरण फसवं आहे. तिथे माणसं दूरवरून मुद्दाम येतात. शहराच्या कडेला असलेल्या, आठवड्यातून एकदा खेळणाऱ्यांच्या कोर्सला ते कसं लागू होणार?

पायीराउंड:

हॉलचं उत्पन्न दिसतं, कारण त्याची पावती फाटते. हॉलचा खर्च मात्र दहा खात्यांत विखुरलेला असतो. पावसाळी मंगळवारची दुपार डोळ्यांपुढे आणा. कोर्सवर कुणी नाही. मुदपाकखान्यात डीप फ्रीझर घरघरतोय, शेफ आणि दोन वाढपी हजर, दीडशे माणसांच्या हॉलचे दिवे आणि एसी रात्रीच्या कार्यक्रमासाठी दुपारपासून सुरू. वर छताची गळती, लिफ्टचं कंत्राट, अग्निशमन तपासणी, गालिचे. कार्यक्रम झाला नाही तरी यातलं जवळजवळ सगळं चालूच राहतं. हॉलने किती आणलं हे विचारता, तसं हॉलने किती नेलं हेही एकदा वेगळ्या पानावर मांडा. बहुतेक क्लब ते पान मांडतच नाहीत.

लॉकर रूमचंही तेच. लाकडी कपाटांच्या रांगा, प्रत्येकावर पितळी पाटी. निम्मे लोक घरूनच खेळायचे कपडे घालून येतात, बूट गाडीच्या डिकीत बदलतात आणि तसेच परत जातात. ती कपाटं उघडतच नाहीत.

लीथबद्दल: खानावळीत जमत होते म्हणजे जेवणाची सोय बाहेर होऊ शकत होती, असाही अर्थ निघतो.

गवतवाला:

मी बोर्डरूममधला नाही, मैदानावरचा आहे. ग्रीन राखणं हे माझं काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रीनवरचं गवत आम्ही तीन-साडेतीन मिलिमीटरवर कापतो. तिथे रीलचं यंत्र लागतं. फिरतं पातं खालच्या स्थिर पात्याला घासून जातं आणि गवत कात्रीसारखं कापलं जातं. पातं बोथट झालं की गवत कापलं जात नाही, फाटतं. दुसऱ्या दिवशी टोकं पांढुरकी पडतात, लांबून बघितलं तर सगळ्या ग्रीनवर राखेचा हात फिरल्यासारखं दिसतं. फाटलेल्या टोकातून रोग शिरतो. तो आटोक्यात आणायला फवारणी, फवारणीला पैसे. सगळ्याचं मूळ काय, तर पात्याला वेळेवर धार लागली नाही. धार लावायचं यंत्र मागितलं तर उत्तर, पुढच्या वर्षी बघू.

मी ज्या क्लबात होतो तिथे पाणी सोडायची जुनी पाइपलाइन जागोजागी फुटत होती. अशा यंत्रणेचं आयुष्य साधारण वीस ते तीस वर्षं धरतात, आमची त्याच्याही पुढे गेली होती. त्याच वर्षी कमिटीने लाउंजचं नूतनीकरण मंजूर केलं. मी कमिटीपुढे जाऊन म्हटलं की उन्हाळ्यात तीन ग्रीन जातील. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा दिला. दोन ग्रीन गेली. तात्पुरती ग्रीन आखली, तेव्हा तक्रारी माझ्याकडे आल्या. नव्या लाउंजमध्ये बसून लिहिलेल्या.

वाईट माणसं नव्हती ती. पाइप जमिनीखाली असतो, लाउंज डोळ्यांसमोर असतो. पैसा डोळ्यांसमोर जातो. म्हणून मी पायीराउंड यांच्या बाजूने. इमारत लहान असली की निदान भांडण सरळ होतं.

जुनीमेंबर:

गवतवाला, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण दोष कमिटीचा आहे, भिंतींचा नाही.

मी इथे एक गोष्ट मांडते जी पुरुष खेळाडूंच्या सहसा लक्षात येत नाही. "साधी शेड पुरे, बूट डिकीत बदलतो" हे म्हणणं ज्याला जमतं त्याला जमतं. स्वीटन्स कोव्हचं फार कौतुक होतं, टेनेसीमधला तो नऊ होलांचा कोर्स, २०१४ साली सुरू झालेला. कित्येक वर्षं तिथे एक छोटी शेड आणि फिरतं शौचालय एवढंच होतं. तरुण मुलगे त्यावर जीव टाकतात. पण काही तासांच्या राउंडला फिरत्या शौचालयावर यायला किती बायका तयार होतील? किती सत्तरीतले गृहस्थ? लहान मुलांना शिकायला पाठवणारे किती आईबाप? बदलायला स्वच्छ खोली, आंघोळ करून थेट ऑफिसला जायची सोय, गुडघे दुखले की टेकायला जागा, या गोष्टींना चैन म्हणू नका. यांच्यामुळेच खेळणाऱ्यांची संख्या वाढते.

दुसरं, वीज. ढग भरून आले की भोंगा वाजतो आणि सगळ्यांनी मैदान सोडायचं असतं. चारी बाजूंनी उघडी शेड विजेपासून वाचवत नाही. पक्क्या भिंती, वायरिंग आणि नळजोडणी असलेली इमारतच सुरक्षित धरतात. भरल्या दिवशी मैदानावर शंभर माणसं असली तर ती जाणार कुठे? तुमच्या चार टेबलांपाशी?

आणि राउंडनंतरच्या गप्पा. माझे यजमान गेले तेव्हा मला घराबाहेर काढलं ते या खेळाने नाही, खेळानंतरच्या टेबलाने. खेळ तेव्हा जमतच नव्हता. नऊ होल कसेबसे चालायचे आणि मग दोन तास बसायचे. ती जागा कुणी फालतू म्हटली तर मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

दारापाशी:

जुनीमेंबर, तुमच्या टेबलाबद्दल पूर्ण आदर. पण त्या टेबलापर्यंत कोण पोचू शकत होतं, हेही याच धाग्यात यायला हवं.

बराच काळ व्यावसायिक खेळाडूंना क्लबहाउसात प्रवेशच नव्हता. स्पर्धा ते खेळणार, गर्दी ते खेचणार, पण कपडे बदलायचे बाहेर. १९२० च्या यूएस ओपनला ओहायोतल्या इनव्हर्नेस क्लबने त्यांना दार उघडलं, तेव्हा खेळाडूंनी कृतज्ञता म्हणून क्लबला उंच उभं घड्याळ भेट दिलं. आत येऊ दिलं म्हणून भेट! तीन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या ट्रूनला अमेरिकन व्यावसायिक वॉल्टर हेगन ब्रिटिश ओपनमध्ये दुसरा आला. आठवडाभर व्यावसायिकांना दाराबाहेर ठेवलं होतं म्हणून बक्षीस समारंभासाठी क्लबहाउसात जायला त्याने नकार दिला. स्कॉटलंडमधल्या म्युरफील्ड क्लबच्या सभासदांनी स्त्रियांना सदस्यत्व द्यायच्या बाजूने कौल दिला तो २०१७ मध्ये.

मैदानावर कुणी कुणाला रोखत नव्हतं असं मी म्हणत नाही. पण इमारत जितकी भारदस्त, तितका दाराशी जास्त विचार होतो की आत कोण शोभेल. ड्रेस कोड, मेंबरच्या सोबतीशिवाय प्रवेश नाही, अमुक खोली अमक्यांचीच. पहिल्यांदा खेळायला येणारा मुलगा त्या संगमरवरी पायऱ्या बघूनच परत फिरतो. स्कॉटलंडमधल्या छोट्या कोर्सवर एक पेटी असते, तीत ग्रीन फी टाकायची आणि खेळायला लागायचं. त्या पेटीने आजवर कुणाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं नसेल.

जुनीमेंबर:

दारं उघडली ती भांडून उघडली, आणि भांडलो तेव्हा आत जायचं होतं म्हणून भांडलो. आता आत आल्यावर इमारतच नको म्हणता? हे मला पटत नाही.

हिशेबवही:

जुनीमेंबर +१. शिवाय ओकलंड हिल्सचं काय? मिशिगनमधलं १९२२ चं क्लबहाउस फेब्रुवारी २०२२ मध्ये जळालं. कोर्स शाबूत होता, आदल्याच वर्षी कोर्स आखणाऱ्या गिल हॅन्स यांनी दक्षिण कोर्स नव्याने करून दिला होता. तुमच्या हिशेबाने सभासदांनी एक शेड टाकून मोकळं व्हायला हवं होतं. त्यांनी काय ठरवलं? जुन्यासारखंच पुन्हा बांधायचं. स्वतःच्या खिशाला हात घालणारी माणसं असं ठरवतात, तेव्हा त्यांना त्या वास्तूची किंमत कळत नाही असं आपण कसं म्हणायचं?

पायीराउंड:

त्याच गोष्टीतला पुढचा भाग सांगतो. आग फेब्रुवारीत लागली आणि मार्चमध्ये यूएसजीएने, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, २०३४ आणि २०५१ ची यूएस ओपन ओकलंड हिल्सला जाहीर केली. तेव्हा तिथे क्लबहाउस नव्हतं, राखेचा ढीग होता. स्पर्धा दिली ती मैदानाला.

शंभर वर्षांच्या आठवणी असलेली वास्तू लोकांनी परत बांधली तर माझी तक्रार नाही. माझा विरोध आहे तो कालपरवा आखलेल्या कोर्सवर पहिल्या दिवसापासून लादलेल्या वास्तूला. अमेरिकेत नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर बिल्डरांनी घरं विकण्यासाठी कोर्स काढले आणि कोर्स विकण्यासाठी क्लबहाउसं. घरं विकली गेली, बिल्डर पुढे गेला, डोलारा राहणाऱ्यांच्या गळ्यात पडला. २००६ पासून पुढची कित्येक वर्षं तिथे उघडणाऱ्यांपेक्षा बंद पडणारे कोर्स जास्त होते. सगळ्याला क्लबहाउस कारण नव्हतं, कोर्सच फार झाले होते. पण उत्पन्न घटलं की लहान छपराचा कोर्स तग धरतो आणि मोठ्या छपराचा आधी बुडतो.

जुनीमेंबर, स्वच्छ खोली, आंघोळ, टेकायला जागा आणि विजेपासून पक्का आसरा हे तुमचे चारही मुद्दे मला मान्य. माझ्या यादीत आंघोळीची सोय आणि पक्क्या भिंती नव्हत्या, त्या घालायला हव्यात. पण ही यादी एका मजल्यात बसते. मेजवानीचा हॉल त्यात येत नाही, बॉलरूम येत नाही, आणि तुमचं टेबल नक्की येतं.

हिशेबवही:

मग हॉलचं उत्पन्न कुठून भरून काढणार, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

गवतवाला:

थोडं मी सांगतो. जी इमारत बांधली नाही तिला रंग द्यावा लागत नाही, हा पहिला भाग. दुसरा भाग, ग्रीन चांगली असली की लोक परत येतात आणि बाहेरच्या लोकांची ग्रीन फी वाढते. आमच्याकडे जी दोन ग्रीन गेली, त्या मोसमात बाहेरचे खेळाडू येईनासे झाले. लाउंज नवाकोरा असून.

हिशेबवही:

हे एका क्लबाचं झालं. तरी एक सुचवते. नव्या कोर्सच्या कमिटीने आधी मैदान, पाणी आणि यंत्रं यांचा दहा वर्षांचा निधी वेगळा काढून ठेवावा, त्याला हात लावायला सभासदांचं मतदान लागेल असा नियम करावा, आणि उरलेल्या पैशात काय ते बांधावं. हॉल बसला तर हॉल. मी हॉलच्या बाजूनेच मत देईन.

पायीराउंड:

निधी आधी, हे मंजूर. हॉलवर मतदान होईल तेव्हा मी विरोधात हात वर करीन.

जुनीमेंबर:

आणि स्वच्छतागृहं नवव्या होलजवळही हवीत, फक्त क्लबहाउसात नाही. त्यावर मतदान नको, ते बांधूनच टाका.